उंच आहात? मग टार्गेट वजन मैत्रिणीचं घेऊ नका

वजन कमी करायचं ठरलं की बहुतेक बायकांच्या डोक्यात एकच आकडा असतो, पंचावन्न, फार तर साठच्या आत. तो आकडा आपल्याला कोणी मोजून दिलेला नसतो, कॉलेजपासून मैत्रिणींच्या तोंडून ऐकलेला असतो, आणि त्या मैत्रिणी पाच दोन, पाच तीन असतात. माझी उंची १७८ सेंटीमीटर, म्हणजे पाच फूट दहा इंच. माझ्यासारख्या उंच मुली या आकड्यामागे लागून अर्धपोटी राहतात आणि वर स्वतःलाच दोष देतात, हे मला अजिबात बघवत नाही, म्हणून लिहितेय.

आधी गणित बघू. बीएमआय म्हणजे किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. पाच फूट दोन इंच उंचीच्या मुलीचं वजन ५५ असेल तर बीएमआय येतो २२ च्या आसपास, एकदम छान. तेच ५५ किलो माझ्या उंचीला लावलं तर येतो १७.४, म्हणजे चक्क अंडरवेट, कारण नॉर्मलची सुरुवातच १८.५ पासून होते. माझ्यासाठी नॉर्मल रेंज साधारण ५९ ते ७९ किलो आहे आणि तिच्यासाठी ४६ ते ६२. म्हणजे ती जिथे संपते तिथे माझी जेमतेम सुरू होते!! आणि रेंजची रुंदी पण बघा, तिला १६ किलोची जागा तर मला २० ची, त्यामुळे 'रेंजमध्ये आहे' एवढं म्हणून उंच माणसाचं काम भागत नाही, रेंजमध्ये नेमकं कुठे ते ठरवावं लागतं.

बीएमआयचं सूत्र केटले नावाच्या बेल्जियन गणितज्ञाचं, एकोणिसाव्या शतकातलं, तो माणसांच्या मोठ्या समूहांची सरासरी अभ्यासत होता, एकेका माणसाची तब्येत तपासत नव्हता. बीएमआय हे नाव तर १९७२ मध्ये आलं. तेव्हा ऑक्सफर्डमध्ये असलेले गणितज्ञ ट्रेफेदन यांचं म्हणणं असं की उंचीचा वर्ग घेतल्याने उंच माणसं आहेत त्यापेक्षा जाड दिसतात आणि बुटकी आहेत त्यापेक्षा बारीक, म्हणून त्यांनी वर्गाऐवजी अडीचावा घात सुचवला. तसं मोजलं तर माझी वरची मर्यादा ७९ वरून ८१ च्या आसपास जाते. १९० सेंटीमीटरच्या पुरुषाला तर साधारण ५ किलो जास्त मिळतात, ९० च्या जागी ९५. पण लगेच खूश होऊ नका, कारण आपल्यासारख्या आशियाई लोकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने बीएमआय २३ पासूनच सावध व्हायला सांगितलंय, आणि माझ्या उंचीला २३ म्हणजे ७३ किलो. एक हिशोब वर ओढतो, दुसरा खाली, म्हणून मी एका आकड्याऐवजी चार-सहा किलोची पट्टी धरते आणि मला हेच बरोबर वाटतं.

काट्यासोबत टेप पण हवा. कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावी असं म्हणतात, माझ्यासाठी ८९ सेंटीमीटर. फक्त उंच माणसाला ही सूट जरा सैलच पडते, कारण दक्षिण आशियाई बायकांसाठी सरळ ८० ची मर्यादा पण वापरतात, त्यामुळे मी ८९ ला टेकून बसणार नाही. हाडापेराने रुंद असाल, व्यायामाने स्नायू कमावले असतील तर काटा जास्त दाखवणारच, तेव्हा कंबर जास्त खरं सांगते.

आता सुरुवात कुठून करायची. समजा आज ८८ किलो आहात आणि उंची माझ्याएवढी, तर थेट ६५ लिहू नका. आधी पाच टक्के, म्हणजे साडेचार किलोच्या आसपास, एवढ्यानेसुद्धा बीपी आणि शुगरमध्ये फरक पडायला लागतो, मग दहा टक्के म्हणजे ७९, तिथे थांबून रिपोर्ट बघा, डॉक्टरांशी बोला, मग पुढचं. आठवड्याला अर्धा ते एक किलो पुरे. उंच अंगावर पहिले चार-पाच किलो उतरलेले लोकांना दिसतच नाहीत, सगळीकडे पसरलेले असतात ना, तेव्हा 'काहीच फरक नाही' असं कोणी म्हटलं तर अजिबात खचू नका. आणि मैत्रिणीचा १२०० कॅलरीचा डाएट प्लॅन तर कृपया उचलू नका, शरीराला नुसतं आराम करताना किती कॅलरी लागतात ते काढायच्या मिफ्लिन-सेंट जोर या सूत्रात उंचीच्या दर सेंटीमीटरला सव्वासहा कॅलरी धरतात, म्हणजे तुम्ही मैत्रिणीपेक्षा २० सेंटीमीटर उंच असाल तर नुसतं पडून राहायलासुद्धा दिवसाला १२५ कॅलरी जास्त लागतात, आणि जास्तीच्या वजनाच्या वेगळ्या.

माझी स्वतःची पट्टी मी ७० ते ७६ ठेवलीय. ७६ वर कंबर आणि रिपोर्ट नीट असतील, जिने चढताना धाप लागत नसेल आणि पोटभर जेवता येत असेल, तर ७० ला जायची मला काही गरज वाटत नाही.