राउटर अर्धाच बिघडला: नवतप्यातली नोंद

दोन आठवड्यांपासून घरच्या राउटरमध्ये दोन तक्रारी होत्या. दुपारी दोनच्या सुमारास 5 गिगाहर्ट्झचं वायफाय गायब व्हायचं, रात्री आपोआप परत यायचं. 2.4 मात्र ठणठणीत. आणि लॅनचा, म्हणजे तारेने जोडायचा, पहिला पोर्ट 1000 ऐवजी 100 एमबीपीएसवर अडकलेला. मी दोन्ही गोष्टी एकाच बिघाडाच्या समजत होतो. त्यातच पहिला आठवडा गेला.

रीसेट केला, ओपनडब्ल्यूआरटी (राउटर चालवणारं मुक्त सॉफ्टवेअर) नव्याने टाकलं, फरक शून्य. काही चॅनेलांवर रडार दिसलं की वायफायला जागा सोडावी लागते; तसंच होत असेल म्हणून 5 गिगाहर्ट्झ चॅनेल 36 वर बांधून ठेवला, कारण त्याला रडारची अट लागत नाही. तरी दुपारी तेच. कर्नल लॉगमध्ये, म्हणजे राउटरच्या आतल्या नोंदवहीत, मात्र दर वेळी एकच ओळ: 5 गिगाहर्ट्झच्या चिपचं फर्मवेअर (चिपच्या आतलं सॉफ्टवेअर) क्रॅश. फर्मवेअर नवं आहे आणि ते फक्त उन्हात क्रॅश होतं, म्हणजे दोष सॉफ्टवेअरचा नाही. नागपुरात नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, चालू होता, बाहेर 45 अंश, आणि राउटर कूलर नसलेल्या खोलीत कपाटावर.

मग ॲडॉप्टर. नुसता मोजला तर 12.1 व्होल्ट, पण त्यावर विश्वास नको, लोडवर, म्हणजे राउटर काम करत असताना, मोजायला हवा. मध्ये स्क्रूवाला डीसी जॅक जोडून, मोठी फाइल डाउनलोडला लावून पाहिलं: 11.8. ॲडॉप्टर निर्दोष सुटला.

शेवटी झाकण उघडलं. 12 चे 5 व्होल्ट करणाऱ्या भागाजवळ 470 मायक्रोफॅरॅडचा एक कपॅसिटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) होता. वरून ठीक वाटला. नख फिरवलं तेव्हा डोकं किंचित फुगलेलं जाणवलं, टॉर्च तिरपा धरल्यावर बुडाशी तपकिरी खरपुडी दिसली. अंगावर लिहिलं होतं 85 अंश, म्हणजे तो सोसू शकेल ते कमाल तापमान. 5 व्होल्टच्या लाइनवर लोड दिला की मीटर 4.4 पर्यंत घसरत होता, आणि मीटर सरासरीच दाखवतो, म्हणजे खरी घसरण त्याहून जास्त असणार. 5 गिगाहर्ट्झचा ॲम्प्लिफायर याच लाइनवर होता, म्हणून आधी तोच पडायचा.

बर्डीला, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, गेलो. दुकानदार म्हणाले, “भाऊ, 85 वाला नका घेऊ, आपल्याकडे टिकत नाही. 105 वाला घ्या.” तोच घेतला, 16 व्होल्टचा. 10 अंश कमी तापला की कपॅसिटरचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, त्यामुळे 105 वाला आपल्या उन्हाळ्यात जास्त वर्षं चालतो. जुना काढताना ग्राउंडचा पाय सुटेना, तांब्याचा मोठा पट्टा सगळी उष्णता ओढून घेतो. थोडं ताजं सोल्डर लावून तापवलं तेव्हा निघाला. नवा लावताना त्याच्या अंगावरच्या पट्टीची बाजू ऋण, ही खात्री दोनदा केली.

त्यानंतर पाच दुपारी 5 गिगाहर्ट्झ एकदाही पडलं नाही. लोडवर 4.97 व्होल्ट. मला फार बरं वाटलं.

पण पहिला पोर्ट? अजून 100 वरच. इथे कळलं की हा वेगळा घाव आहे. 100 ला 1, 2, 3, 6 या चारच तारा पुरतात, गिगाबिटला, म्हणजे 1000 ला, तारांच्या चारही जोड्या लागतात. केबल दुसऱ्या पोर्टात लावली तर 1000 मिळाले, म्हणजे केबल निर्दोष. जुनी पॅच केबल कापून तारा सोलल्या, राउटर बंद करून पोर्टच्या जोड्यांचा रोध मोजला. तीन जोड्या एक ओहमच्या आत, तपकिरी जोडी, म्हणजे 7-8, उघडी, म्हणजे वाटच तुटलेली. आतल्या ट्रान्सफॉर्मरचं वेटोळं तुटलेलं. या पोर्टाची तार गच्चीवरून वरच्या मजल्यावर काकांकडे जाते, आणि एप्रिलच्या वादळात वीज जवळच कडाडली होती. कारण तेच असावं, असा माझा अंदाज आहे.

ट्रान्सफॉर्मर बदलायचा विचार आत्ता नाही. त्या पोर्टावर टीव्ही लावला आहे, त्याला 100 भरपूर होतात. काकांची तार दुसऱ्या पोर्टाला घेतली, पण गच्चीवरच्या भागाला आधी सर्ज प्रोटेक्टर (विजेचा झटका अडवणारं साधन) लावायचा आहे. पहिला पाऊस यायच्या आत.