परांचीसकट रंगवलेले ड्रेस्डेन

जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात, एल्बे नदीच्या उजव्या काठावर, ऑगस्टस पुलाच्या खालच्या अंगाला, एक मोठी रिकामी चौकट उभी केलेली आहे. तिच्यातून पलीकडे पाहिले की फ्राउएनकिर्शे या चर्चचा दगडी घुमट, राजदरबारी चर्चचा मनोरा आणि पुलाच्या कमानी अशा रांगेने दिसतात, की बर्नार्दो बेलोत्तोचे १७४८ सालचे चित्रच समोर मांडले आहे असे वाटावे. मूळ चित्र नदीपलीकडच्या झ्विंगर कलादालनात आहे. ते डोळे भरून पाहायचे आणि लगेच पूल ओलांडून या जागी येऊन उभे राहायचे, हे सुख इथे राहायला आल्यापासून मी कितीदा तरी घेतले आहे.

बेलोत्तो मूळचा व्हेनिसचा, प्रसिद्ध चित्रकार कानालेत्तोचा भाचा आणि शिष्य. ड्रेस्डेन ज्याची राजधानी त्या सॅक्सनीचा अधिपती व पोलंडचा राजा तिसरा ऑगस्टस याच्या बोलावण्यावरून तो १७४७ मध्ये, ऐन पंचविशीत, इथे आला. दरबारी चित्रकाराने वैभव दाखवावे अशीच अपेक्षा असणार, आणि ते त्याने दाखवलेही; परंतु दरबारी चर्चचा मनोरा तेव्हा बांधून पुरा झालेला नव्हता, म्हणून सव्वादोन मीटरांहून अधिक रुंद अशा त्या चित्रात तो अपुराच, परांचीसकट आहे. या शहरावरचे त्याचे प्रेम मला सर्वांत स्पष्ट दिसते ते त्या परांचीत.

पुढे सातवर्षीय युद्धात, जुलै १७६० मध्ये, प्रशियाच्या तोफांनी शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त केला. बेलोत्तो त्या वेळी बाहेरगावी होता, पण त्याचे इथले घर गेले. तो परत आला आणि पडझड रंगवू लागला. क्रॉयत्सकिर्शे या चर्चचा मनोरा १७६५ मध्ये कोसळला, त्याच्या चित्रात उभा चिरलेला मनोरा, दगडमातीचा ढीग आणि ढिगाऱ्यावर राबणारी माणसे आहेत, आणि ती त्याने घुमटाइतक्याच मायेने, एकेक दगड न्याहाळून रंगवली आहेत. त्याच्या साऱ्या चित्रांत हे मला सर्वश्रेष्ठ वाटते.

नंतर तो वॉर्साला गेला आणि १७८० मध्ये तिथेच वारला. दुसऱ्या महायुद्धात बेचिराख झालेले ते शहर पुन्हा बांधताना त्याच्या चित्रांचा आधार घेतला गेला. ड्रेस्डेनमध्ये फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बवर्षावानंतर कोसळलेली फ्राउएनकिर्शे २००५ मध्ये पुन्हा उभी राहिली. तिच्या भिंतींत फिकट नव्या दगडांमध्ये जुने काळे दगड आजही वेगळे ओळखू येतात.

सप्टेंबर २०२४ मध्ये इथल्या कारोला पुलाचा एक भाग पहाटे नदीत कोसळला. तोवर मी घरी आईला या शहराची म्हणून घुमटाचीच छायाचित्रे पाठवत आलो होतो. त्या संध्याकाळी तुटलेल्या पुलाचे पाठवले.