तोफेखालची गाडी

रेल्वेवरच्या तोफेचं मॉडेल हाताने करायला घेणाऱ्याला वाटत असतं की आपण तोफ करतोय. तसं काही नसतं. तोफ हे त्यातलं सगळ्यात सोपं प्रकरण. एक लांब नळी आणि मागे तिचं झाकण, संपलं. बाकी जे काही करायचं ती निव्वळ रेल्वे असते: चाकं, ॲक्सल, स्प्रिंगा, पायऱ्या, कठडे, बफर. लहान मुलं हे बरोबर ओळखतात. नळी अजून बसायची होती तेव्हा टेबलावरचा सांगाडा बघून भाच्याने विचारलं, "मामा, याला डबे कधी लावणार?"

मी निवडलेली तोफ के-5. जर्मनीच्या क्रुप कंपनीची, दुसऱ्या महायुद्धातली. एकूण 25 बनल्या. वजन 218 टन, नळीची लांबी साडेएकवीस मीटर, भोक 283 मिलिमीटरचं. 255 किलोंचा गोळा 64 किलोमीटरवर टाकायची. हिची तयार किटं मिळतात, 1:72 मध्ये (म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शात) हासेगावा कंपनीचं, 1:35 मध्ये ट्रम्पेटरचं. ती आणून जोडणारे माझे मित्र आहेत आणि त्यांची तोफ माझ्या तोफेपेक्षा देखणी दिसते, यात वाद नाही. पण प्लॅस्टिकच्या कोऱ्या शीटवर पेन्सिलीने पहिली रेघ मारायची आणि तिथून तोफेपर्यंत पोचायचं, ही मजा खोक्यात भरून येत नाही. या प्रकाराला छंदवाले स्क्रॅचबिल्ड म्हणतात. घरचे पसारा म्हणतात.

मीही 1:72 च घेतलं, कारण त्यात आकडे छान बसतात. साडेएकवीस मीटरला 72 ने भागलं की 299 मिलिमीटर, म्हणजे शाळेतल्या पट्टीएवढी नळी. सहा फुटी गोलंदाज 25 मिलिमीटरचा. आपल्याकडे दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा महादरवाजापेक्षा उंच असतो, वाघ बुरुजाएवढा असतो, आणि कुणाची काही तक्रार नसते. आमची जमात तक्रार करणाऱ्यांची. जिन्याची पायरी गोलंदाजाच्या गुडघ्यावर गेली की आम्हाला झोप लागत नाही. वजनाचा हिशोब मात्र वेगळा लागतो. लांबी 72 पटींनी घटली की वजन 72 चा घन करून घटतं. त्यामुळे 218 टनांची तोफ 584 ग्रॅमवर येते आणि तिचा गोळा पाऊण ग्रॅमही भरत नाही.

मापांसाठी लोक नकाशे शोधत बसतात. रेल्वेतोफेच्या बाबतीत त्यावाचून फारसं अडत नाही, कारण तिचा फोटो आपली मोजपट्टी बरोबर घेऊन येतो. जर्मनीतल्या मुख्य मार्गांवर दोन रुळांमधलं अंतर 1435 मिलिमीटर. समोरून काढलेला एक बरा फोटो मिळाला आणि त्यात रूळ दिसले, की रुंदी-उंची सगळी त्यावरून काढता येते. रणगाडा शेतात उभा असतो. तिथे काय गवत मोजणार? उलट याच रुळांनी माझी एक पंचाईतही केली. बाजारात सहज मिळणारे मॉडेल-रूळ एचओ मापाचे, म्हणजे साडेसोळा मिलिमीटरचे. मला हवे होते जवळजवळ 20 चे. म्हणजे तोफेच्या आधी रूळ घातले मी.

नळी कशी केली ते सांगतो, कारण येणारा-जाणारा तेच विचारतो. नळी मागे जाड, पुढे बारीक, आणि घरात काही लेथ नाही. आईची विणकामाची स्टीलची सुई घेतली. (विचारून घेतली.) 30 सेंटिमीटर लांबीचा पातळ कागद असा कापायचा की एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद. मग तो सुईभोवती घट्ट गुंडाळत जायचं, दर वेढ्याला पाणी घालून पातळ केलेला फेविकॉल. रुंद टोकाला वेढे जास्त पडतात, अरुंद टोकाला कमी, आणि नळीचा उतार आपोआप तयार होतो. फेविकॉल ओला आहे तोवर सुई पेरभर मागे ओढायची, म्हणजे तोंडाशी भोक मोकळं राहतं. वाळल्यावर वर पुट्टीचा हात, आणि मग पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने घासणं. किती घासायचं? डोळे मिटून नळीवरून नख फिरवायचं. वेढ्याची कड नखाला लागली तर अजून घासायचं.

खऱ्या नळीत आतून बारा खोल खाचा होत्या आणि गोळ्यावर त्यांत बसणारे बारा कंगोरे. आधी या खाचा 10 मिलिमीटर खोल होत्या. नळ्या तडकायला लागल्या तेव्हा सातवर आणल्या. सात मिलिमीटर भागिले 72 म्हणजे एक दशांश मिलिमीटर. त्या मी सोडून दिल्या. याच्या पुढे गेलं की छंदाचं दुखणं होतं.

आता खाली येऊ, कारण खरा ऐवज तिथे आहे. 218 टन रुळांवर उभे करायचे, तर पहिला प्रश्न गोलंदाजाचा नसतोच. तो रुळांचा असतो: एका ॲक्सलवर किती भार येणार? के-5 ला बारा ॲक्सल. भागून बघा, प्रत्येकावर अठरा टनांच्या आसपास. कमी ॲक्सल घातले तर रूळ आणि पूल तक्रार करणार. म्हणून सहा-सहा ॲक्सलांचे दोन चाकगाडे, त्या दोन्हींवर टेकलेली पोलादी पेटीची लांबलचक तुळई, आणि तुळईवर नळी. पुन्हा हे सगळं बोगद्यातून सुटलं पाहिजे, पुलाखालून गेलं पाहिजे. कागदावर एकेक माप मांडत गेलं की लक्षात येतं, या तोफेचा चेहरामोहरा रेल्वेने ठरवलाय. सैन्याने फक्त नळी दिली. आणि हे बंधन झुगारलं की काय होतं, तेही क्रुपनेच करून दाखवलं. त्यांची डोरा 80 सेंटिमीटर भोकाची, 1350 टनांची. ती जशीच्या तशी कुठे नेताच येत नसे. सुटी करून न्यायची, जागेवर शेजारी शेजारी दोन लोहमार्ग घालायचे, त्यांवर पुन्हा जुळवायची. 1942 च्या जूनमध्ये सेव्हास्तोपोलवर तिने पन्नासही गोळे टाकले नाहीत. एवढ्या उस्तवारीला माझा नमस्कार.

बारा ॲक्सल म्हणजे 24 चाकं आणि 24 ॲक्सलबॉक्स, म्हणजे ॲक्सलची टोकं ज्यात फिरतात त्या पेट्या. एक ॲक्सलबॉक्स कुणीही करेल, हौसेने करेल. दुसरा हुबेहूब पहिल्यासारखा करताना कस लागतो, आणि सोळाव्यापर्यंत जो काही तयार होतो तो पहिल्याचा लांबचा नातेवाईक असतो. त्यामुळे इथे साच्याला पर्याय नाही. एकच नमुना जीव ओतून करायचा, त्याच्यावर सिलिकॉन रबर ओतून साचा काढायचा, आणि त्यात रेझिन. रेझिनचा शत्रू बुडबुडा. तो नेमका बॉक्सच्या कोपऱ्यात बसतो आणि कोपरा खातो. त्यावर औषध म्हणजे टाल्कम पावडर: ओतण्याआधी साच्यात चिमूटभर टाकायची, फुंकून जास्तीची उडवायची. कोपऱ्यात राहिलेल्या भुकटीबरोबर रेझिनही आत शिरतं. खोलीभर चंदनाचा वास येतो तो निराळा.

आणि आता या तोफेची खरी गंमत. ती वळत नाही. तिची नळी डावी-उजवीकडे एकेक अंश सरकते, बस. 64 किलोमीटरवर एक अंश म्हणजे अकराशे मीटर. एवढ्याने गावाचं हे टोक सोडून ते टोक धरता येईल, गाव बदलता येणार नाही. मग नेम धरायचा कसा? तर रूळ वाकवून. मुख्य मार्गातून एक वळणदार फाटा काढायचा आणि त्यावर अख्खी तोफ इंजिनाने पुढे-मागे सरकवायची. गाडी वळणावर सरकली की तिचं तोंड फिरतं. हिशोब करून पाहिला: समजा 200 मीटर त्रिज्येचं वळण आहे, तर गाडी एक मीटर पुढे गेली की 64 किलोमीटरवरचा गोळा साधारण सव्वातीनशे मीटर बाजूला पडतो. घाई असेल आणि साहित्य असेल तर फिरत्या चकतीची सोयही होती, पण मला आवडतं ते वळणच. खडीवर रूळ टाकणाऱ्या मजुरांनी घातलेला बाक, आणि तोच नेम धरण्याच्या यंत्राचा निम्मा भाग!

हे कळल्यावर सरळ रुळावर ठेवलेलं मॉडेल मला बघवेना. प्रदर्शनात अशी ढिगाने दिसतात. सरळ रुळावरची के-5 एकाच गावावर रोखलेली असते, आणि त्या गावाने स्थलांतर केलं की तिचा उपयोग संपला. म्हणून माझ्या फळीवर वळण आहे. 200 मीटर त्रिज्येचं वळण 72 ने लहान केलं तर 60 सेंटिमीटरच्या फळीवर ते मधोमध जेमतेम 16 मिलिमीटर फुगतं. बघणाऱ्यांपैकी बहुतेकांना वाटतं, फळी वाकडी कापली गेलीय.

आत्याने एकदा थेट विचारलं, "अरे, माणसं मारायची वस्तू, त्यात हिटलरची. एवढा जीव लावून कशाला करतोस? एखादं देऊळ कर." प्रश्न योग्य आहे आणि माझ्याकडे त्याचं फारसं चांगलं उत्तर नाही. 22 जानेवारी 1944 ला दोस्तांचं सैन्य इटलीत आन्झिओच्या किनाऱ्यावर उतरलं आणि पुढे चार महिने तिथेच अडकलं. त्यांच्यावर डोंगराकडून गोळे टाकणाऱ्या दोन के-5 होत्या, लिओपोल्ड आणि रॉबर्ट. गोळे टाकून झाले की बोगद्यात जाऊन लपायच्या, कारण वर विमानं. किनाऱ्यावरच्यांना लपायला बोगदा नव्हता. त्यांनी या न दिसणाऱ्या तोफेला आन्झिओ ॲनी नाव दिलं, कुणी आन्झिओ एक्सप्रेस म्हणायचे. इटलीच्या त्याच मोहिमेत, त्याच वर्षी, आपल्या माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे 10 जुलैला टायबरच्या वरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. त्यांचा या तोफेशी काही संबंध आला नाही. पण मॉडेलच्या शेजारी 25 मिलिमीटरचा माणूस उभा करताना असली नावं आठवतात आणि हात थोडा वेळ थांबतो. मग पुन्हा चालतो. आत्याला मी एवढंच सांगितलं की देवळाला चाकं नसतात. तिने रथाचं नाव काढलं आणि मला गप्प केलं.

त्या दोन तोफा जून 1944 मध्ये अमेरिकनांना चिविताव्हेक्या इथे सापडल्या, दोन्ही मोडतोड केलेल्या. जहाजाने मेरीलँडमधल्या ॲबरडीनला नेल्या आणि दोन्हींचे धड भाग जुळवून एक पूर्ण तोफ उभी केली. दोन किटांमधून एक मॉडेल करण्याला आम्ही किटबॅश म्हणतो. एकास एक मापातला हा किटबॅश मी तरी दुसरा ऐकला नाही. आता ती व्हर्जिनियात फोर्ट लीला आहे. दुसरी एक शाबूत के-5 फ्रान्समध्ये ओडिंगेमच्या टॉट बॅटरीच्या संग्रहालयाबाहेर उभी आहे.

पुढचं मॉडेल ठरलंय, आणि ते 80 वर्षं मागे जाणारं आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात, 1864 च्या पीटर्सबर्गच्या वेढ्यात, उत्तरेच्या सैन्याने डिक्टेटर नावाची 13 इंची उखळी तोफ रेल्वेच्या उघड्या गाडीवर चढवली. साडेसात टनांच्या वर वजन, शंभरेक किलोंचा गोळा. पहिली गाडी धक्क्यांनी मोडली. मग जास्तीच्या तुळया घालून, वर लोखंडी पत्रा मारून मजबूत गाडी केली. तोफ उडाली की ती गाडी रुळांवर दहा-बारा फूट मागे जायची. आणि दिशा बदलायची असली की तिलाही वळणावरच पुढे-मागे करत. लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये तिचा त्याच वर्षीचा फोटो आहे, शेजारी माणसं उभी आहेत, त्यामुळे मापं निघतील. नळी आखूड आणि जाडजूड, म्हणजे कागद गुंडाळण्याऐवजी लाकूड तासावं लागणार. चाकं मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. साचा काढायचं कारण नाही, एकेक करून हातानेच करीन.