कणकेतलं मीठ

"मीठ कमी करा" हे सांगायला डॉक्टरांना दोन सेकंदही लागत नाहीत. कागदाच्या तळाशी, गोळ्यांच्या नावांखाली, "चालणे" आणि "मीठ कमी". नवऱ्याचं बीपी वर गेलं तेव्हा आमच्याही कागदावर ही ओळ आली. मीठ म्हणजे जणू घरातला एकच नळ, थोडा आवळला की झालं! हे लिहिणाऱ्यांनी कधी कणीक मळली नसावी.

ओट्यापाशी उभं राहून बघावं, मीठ येतं तरी किती वाटांनी. कणकेत चिमूट, भातात चिमूट, डाळ शिजताना थोडं, फोडणीनंतर आमटीत पुन्हा. भाजीत, कोशिंबिरीत, चटणीत, ताकात. एवढं करून ताटाच्या डाव्या बाजूला, लिंबाच्या फोडीशेजारी, ते स्वतः हजर असतंच. सासूबाईंच्या लेखी मीठ न वाढलेलं ताट म्हणजे कोणीतरी घाईघाईत अर्धवट वाढलेलं ताट.

जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा सोपा आहे: मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. साधारण एक सपाट चहाचा चमचा, आणि तोसुद्धा सकाळच्या पोह्यांपासून रात्रीच्या खिचडीपर्यंत सगळं धरून. आता चमच्याने मीठ मोजणारी बाई मला अख्ख्या ठाण्यात दाखवा. सगळा कारभार तीन बोटांच्या अंदाजाचा. म्हणून मी उलटं गणित मांडलं. पाचपाखाडीतल्या आमच्या घरात माणसं चार, म्हणजे दिवसाचे २० ग्रॅम. एक किलोची पिशवी ५० दिवस पुरायला हवी. आमची पिशवी महिन्याच्या सामानाबरोबर येते आणि पुढचं सामान यायच्या आत तळ गाठते. म्हणजे माणशी ८ ग्रॅमच्या वर. त्यातलं थोडं मोरीत जातं हे खरं, कारली चोळून पिळताना, बटाटे उकडून पाणी ओतताना. पण बाहेर खाल्लेलं मीठ या पिशवीत धरलेलंच नाही, तेव्हा फिटंफाट.

युरोप-अमेरिकेत माणसाच्या पोटात जाणारं बरंचसं मीठ कारखान्यातून आलेलं असतं, पाव, चीज, डबाबंद सूप यांतून. तिथे सरकार कंपन्यांच्या मागे लागू शकतं. आपल्याकडे मोठा वाटा अजून घरच्या हाताचा आहे. इथे सरकार कोणाच्या मागे लागणार, माझ्या?

शिवाय मीठ स्वस्त. तेलाचा भाव वाढला की फोडणी आपोआप लहान होते, साखर महागली की चहा शहाणा होतो. मिठाच्या बाबतीत हात आखडायचं कारणच नाही. पूर्व द्रुतगती मार्गावरून मुंबईकडे निघालं की मुलुंड सोडल्यावर डाव्या हाताला, खाडीच्या बाजूला, मिठागरं लागतात. भरतीचं पाणी उथळ वाफ्यांत घ्यायचं आणि उन्हावर सोपवायचं. या खाडीकाठी आगरी माणसांनी पिढ्यानपिढ्या मीठ पिकवलं. हल्ली त्या जमिनींच्या बातम्या येतात त्या घरं बांधण्याच्या. बसच्या खिडकीतून ते पांढरे ढीग बघताना मला मात्र आमच्या आमटीचीच काळजी लागलेली असते.

आमटीपासून सुरुवात करणं ही चाल काही खरी नव्हे, हे तिसऱ्या घासालाच कळतं. सासूबाईंनी वाटी खाली ठेवली आणि अत्यंत सौम्यपणे विचारलं, "मीठ संपलंय का गं घरातलं?" आमटीतलं मीठ जिभेला ताबडतोब कळतं, कारण आमटी जिभेवर पसरते. जीभ चव घेते ती तिला भेटलेल्या, पाण्यात विरघळलेल्या मिठाची. पिठाच्या पोटात दडून बसलेलं मीठ तिला फारसं न भेटताच खाली उतरतं. मग कमी करायचं तर ते तिथलं, जिथे त्याचा कोणाला उपयोगच नाही.

म्हणजे कणकेतलं. पण आमची कणीक माझ्या हातात नाही, ती पोळ्यांच्या मावशींच्या हातात. सकाळच्या वेळात त्या आमच्या सोसायटीत बरीच घरं करतात आणि प्रत्येक घराचं पथ्य त्यांच्या डोक्यात पक्कं असतं. सातव्या मजल्यावर तेल नको, तिसऱ्यावर नाचणी, शहांकडे तूप लावून. त्यात आमचं बिनमिठाचं बसवायचं म्हणजे परीक्षाच. "ताई, मीठ नाही तर पोळीला चव कसली?" त्यांनी परातीतून मान वर न करता विचारलं. मी म्हटलं, चव भाजीला आहे ना. त्यांना ते पटलं नाही, पण पोळ्या बिनमिठाच्या झाल्या, आणि जेवताना कोणाची भुवईसुद्धा हलली नाही. सासूबाईंचीही नाही. मग भातातलं काढलं. तिथेही शांतता.

जुनं ताट असंच होतं, हे मला त्यानंतर जाणवलं. ज्वारी-बाजरीची भाकरी बहुतेक घरांत बिनमिठाचीच थापतात, आणि तिच्यासोबत ठेचा असा की बोटाच्या टोकावर आला तरी पुरे. साधं वरण सौम्य, त्यावर तूप, वर लिंबू. आजूबाजूला सगळं शांत असेल तर एवढंसं खारट भरपूर बोलतं. गडबड होते ती सगळ्याच गोष्टी सारख्या खारट केल्यावर. पूर्वीचं सगळं चांगलं होतं असलं काही मला म्हणायचं नाही. सुकी मासळी, सांडगी मिरची आणि पापड हेही त्याच ताटातले.

आंबटाने मोठी मदत केली. आमसूल, चिंच, लिंबू, आंबट ताक यांतलं काही असलं की जिभेला मीठ आहे त्यापेक्षा जास्त वाटतं. भाजलेलं जिरं, लसूण, ओलं खोबरं, कोथिंबीर हेही जीभ गुंतवून ठेवतात. कोशिंबिरीत मीठ अगदी पानं घेताना घालायचं. आधी घातलं की काकडीला पाणी सुटतं, मीठ त्या पाण्याबरोबर तळाला जातं आणि वरच्या काकडीसाठी पुन्हा चिमूट लागते.

आमटीला हात लावला तो शेवटी, आणि इतका हळू की तक्रार कोणत्या दिवशी करायची हेच सासूबाईंना ठरवता येईना. जीभ काही आठवड्यांत नव्या मापाला सरावते, हे शास्त्र खरं निघालं. आता नवरा फरसाणाची वाटी अर्ध्यावर ठेवतो आणि वर पाणी पितो.

खारट न लागणारा सोडियम हा वेगळाच चोर. मिठातला बीपी वाढवणारा भाग म्हणजे हा सोडियम, मिठाच्या सुमारे ४० टक्के, पण तो काही फक्त मिठात नसतो. ढोकळ्यातला सोडा, पापडातला पापडखार, ॲसिडिटीवर घेतो ती फसफसणारी पावडर, सगळ्यांत तो आहे. गोड बिस्किटांच्या पुड्यावरचा सोडियमचा आकडा वाचून मुलगा म्हणाला, "मग वडापाव काय वाईट?" वडापावचं विचारूच नये. पावात मीठ, भाजीत मीठ, बेसनात मीठ, लसणाच्या चटणीत मीठ, आणि वर मीठ चोळलेली तळलेली मिरची. मामलेदारची मिसळ खायला गेल्यावर तर मी सोडियम हा शब्द काढत नाही. वर्षातून मोजक्या वेळा जातो, तिथे जाऊन पथ्य सांगणं हा अपमान आहे.

तलावपाळीला फेऱ्या मारणाऱ्या मित्रमंडळींनी नवऱ्याला सैंधव सुचवलं. गुलाबी खडे घरी आले, किंमत ऐकून मी दोनदा पिशवी उलटीसुलटी केली. रंग छान आहे. पण सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच, आणि वेगळं घातलेलं नसेल तर त्यात आयोडीन नसतं; गलगंड टाळण्यासाठी साध्या मिठात ते मुद्दाम घालतात. दुसरा पर्याय पोटॅशियम मिसळलेल्या मिठाचा. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये सर्वसाधारण मोठ्या माणसांसाठी त्याची शिफारस केली, पण मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना वगळून. बीपीच्या काही गोळ्यांनीही रक्तातलं पोटॅशियम वाढतं. म्हणून ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणायचं नाही असं ठरलं, आणि डॉक्टरांनी या खेपेला दोन सेकंदांपेक्षा बराच जास्त वेळ दिला.

लोणच्याच्या बरणीपाशी मात्र माझी मोहीम अडली आहे. तिथलं मीठ चवीला नसतं, राखणीला असतं. ते कमी केलं की बुरशी धरते. तेव्हा लोणचं होतं तसंच, फक्त फोड लहान. कैऱ्या यायला लागल्यात, सासूबाईंनी जांभळी नाक्यावरून जाडं मीठ आणायला सांगितलंय, आणि ते माझ्या पन्नास दिवसांच्या पिशवीत धरायचं नाही, हेही आधीच बजावलंय.