बाटलीत फुललेला बांबू

आज कॉलेजातून येताना पाषाण रोडला एनसीएलच्या, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या, गेटसमोरून बस गेली आणि मनात एकदम तिथल्या शास्त्रज्ञ रजनी नाडगौडा मॅडम आल्या, कारण आजच बारावीच्या पोरांना बांबूच्या फुलोऱ्याबद्दल शिकवलं होतं. काटस बांबू साधारण तीस चाळीस वर्षं नुसता वाढत राहतो, मग एकदाच फुलतो, बी टाकतो आणि अख्खं बेट वाळून मरतं, म्हणजे त्याच्यावर संशोधन करायचं तर माणसाचं अर्धं आयुष्य वाट बघण्यातच जाणार ना! आणि या आपल्या पुण्याच्या बाईंनी पारशरामी आणि मस्करेन्हास या सहकाऱ्यांबरोबर टिश्यू कल्चरमध्ये, म्हणजे बाटलीत पोषक माध्यमावर रोपं वाढवून, त्या माध्यमात नारळाचं पाणी आणि सायटोकायनिन हे वनस्पतींचं संप्रेरक घालून, काही महिन्यांच्या इवल्याशा रोपांना फुलं आणली, बीसुद्धा धरलं! 1990 साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापून आलं ते.

वर्गात मी हाताच्या पंजाएवढी कल्चरची बाटली दाखवली, आत बोटभर हिरवा कोंब, काचेवर बाष्प जमलेलं. मागच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी तोंड उघडत नाही, ती म्हणाली, मॅडम, म्हणजे रोपाला वय कळतच नाही का? खरं सांगते, अंगावर काटा आला. हाच तर प्रश्न आहे, फुलायची वेळ झाडाला कळते कशी!

आपल्याकडे क्रिकेटरचे स्कोअर तोंडपाठ असतात पण रजनी नाडगौडा हे नाव वर्गात एकालाही माहीत नव्हतं, फार वाईट वाटलं. उद्या विभागाच्या बोर्डावर मॅडमचं नाव मोठ्या अक्षरात लिहिणार आहे, खाली बांबूच्या फुलाचं चित्र, ते त्या मुलीकडूनच काढून घेणार.