लक्ष्मी की लक्ष्मव्वा: देवाला जागा देताना

देवाला द्यायचं म्हटल्यावर कोण आडवं येणार, असं मला वाटत होतं. आडवं आलं ते आईचं नाव.

आई 78 वर्षांची. गावात विठ्ठल मंदिराच्या मागं तिच्या नावावर 30 बाय 40 ची मोकळी जागा आहे. सप्ताहात मंडप तिथंच पडतो, काल्यादिवशी पंगतीही तिथंच बसतात. गेल्या कार्तिकीला ती म्हणाली, “मी हाय तवरच ती जागा पांडुरंगाला देऊन टाकतो. आणि वर्साला एक पंगत माझ्या पैशाची.” आम्ही तिघा भावंडांनी माना हलवल्या. बेळगावात राहतो म्हणून धावपळ माझ्या गळ्यात.

पंगतीचं काम एका सकाळी उरकलं. मंदिराच्या ट्रस्टच्या खात्यावर दोन लाखांचा चेक आणि सोबत आईच्या सहीचं पत्र: रक्कम कायम निधीत घ्यावी, मुद्दल मोडू नये, व्याजातून काल्याची पंगत घालावी. हे पत्र विसरू नका. ते नसेल तर पैसे साध्या देणगीत जमा होतात आणि खर्चून मोकळे होतात. सात टक्क्यांनी वर्षाला 14 हजार येतात. भात, आमटी, शिरा निघतो.

आता जागा. गावठाणातली म्हणजे ग्रामपंचायतीचा कम्प्युटर उतारा हवा, फॉर्म 9 आणि 11. त्याशिवाय सब-रजिस्ट्रारकडं बक्षीसपत्र पुढं सरकत नाही. उतारा मिळाला, बॉण्ड रायटरनं मसुदा केला, आईला रिक्षातून घेऊन गेलो. खिडकीतल्या माणसानं आधार कार्ड एका हातात, उतारा दुसऱ्या हातात धरला आणि म्हणाला, “हेसर बेरे ऐती.” नाव वेगळं आहे.

आधारवर लक्ष्मी. उताऱ्यावर कन्नडमध्ये लक्ष्मव्वा.

बाबा 2003 साली गेले तेव्हा वारसा लागला. त्या वेळी कुणीतरी कन्नड वळणानं लिहिलं, आणि पुढं तेच कम्प्युटरवर चढलं. वीस वर्षं घरपट्टी भरताना कुणाचं बिघडलं नव्हतं. मी बोललो, “अहो, आपल्याकडं लक्ष्मीला लक्ष्मव्वा म्हणतातच की.” तो म्हणाला, म्हणतात, पण सिस्टिम म्हणत नाही. पंचायतीतून दुरुस्त करून आणा, नाळे बर्री. उद्या या. बाहेर बाकावर आईनं विचारलं, “मी काय दोन दोन बायका हाय काय रे?”

तिथून पंचायतीचे हेलपाटे सुरू झाले. पहिल्या वेळी पीडीओ साहेब, म्हणजे पंचायतीचे विकास अधिकारी, तालुक्याला मीटिंगला. दुसऱ्या वेळी अर्ज मराठीत आहे म्हणून परत. मला कन्नड बोलता येतं, अडखळत वाचताही येतं, पण अर्ज लिहिण्याइतकं नाही. शेवटी शेजारच्या कॉलेजातल्या पोरीनं दहा मिनिटांत सुंदर अक्षरात लिहून दिला. तिसऱ्या वेळी ॲफिडेव्हिट मागितलं. चौथ्या वेळी ॲफिडेव्हिट दिलं तर जुना पुरावा मागितला. आईच्या पत्र्याच्या ट्रंकेत साडीखाली घरपट्टीच्या पावत्यांची गुंडाळी निघाली, सुतळीनं बांधलेली. मी खूश. उघडून बघतो तर त्यावर मराठीत ‘लक्ष्मीबाई’. म्हणजे आता तीन बायका झाल्या! क्लार्कनं ती पावती उजेडाकडं धरली आणि पहिल्यांदाच हसला. मला नाही हसू आलं.

मग त्यानंच वाट सांगितली, हे कबूल करायला हवं. ॲफिडेव्हिट नव्यानं करायचं, त्यात तिन्ही नावं लिहून ‘ही एकच व्यक्ती’ असं म्हणायचं, दोन शेजाऱ्यांचे जबाब जोडायचे, आणि विषय पंचायतीच्या सभेत ठरावाला घ्यायचा. सभा दोनदा कोरमअभावी तहकूब. तिसऱ्या सभेत ठराव झाला, तर साहेबांची डिजिटल सही बसेना, सर्व्हर डाऊन. एवढ्यात माघ संपला, चैत्र आला. त्या महिन्यात मी घरात सगळ्यांवर खेकसत होतो, बायको म्हणाली, “देवाला द्यायला निघालायत, तोंड तरी तसं ठेवा.”

कोल्हापूरचा मावसभाऊ रोज फोनवर सल्ला द्यायचा: धर्मादाय आयुक्तांकडं जा. अरे, ते तुमच्याकडं महाराष्ट्रात. आमच्याकडंही 1950 चा मुंबईचा सार्वजनिक विश्वस्त कायदा होता, आता देवळांचं इथं कर्नाटक सरकारचं मुजराई खातं बघतं. म्हणून तुमचं मंदिर मुजराईत आहे की स्वतंत्र ट्रस्टचं, ते आधी विचारा. बऱ्याच गावांत ट्रस्टच नसतो, नुसती पंच कमिटी असते आणि खातं दोघा पंचांच्या नावावर. तिथं जागा देऊ नका. उद्या ती पंचांच्या पोरांची होईल. ट्रस्टच्या नावाचं पॅन कार्ड मागून बघा, लगेच कळतं.

बक्षीसपत्र ट्रस्टनंही स्वीकारावं लागतं, तेही देणारा जिवंत असताना. म्हणजे ट्रस्टचा ठराव आणि सही करणारा विश्वस्त त्या दिवशी हजर हवा. खर्चाचं म्हणाल तर मुलाला बक्षीस दिलं की मुद्रांक शुल्क ठरावीक, किरकोळ. देवाला दिलं की खरेदीसारखं, सरकारी दराच्या 5 टक्के, वर सेस आणि नोंदणी फी वेगळी. हा आकडा ऐकून भाऊ म्हणाला, मृत्युपत्रात लिहून ठेवूया. त्यात तथ्य आहे. मृत्युपत्राला स्टँप लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार पुरतात (ट्रस्टमधला माणूस साक्षीला घेऊ नका, उगाच शंका), आणि मन बदललं तर बदलता येतं. माझा राग तेव्हा असा होता की मी हो म्हणणारच होतो. आई म्हणाली, “मेल्यावर दिलं तर मी दिलं कसं? तुमी दिलं.”

80जी चं, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीचं विचाराल तर ते आमच्या ट्रस्टकडं नाही. एखाद्याच धर्मासाठी चालणाऱ्या संस्थांना ते सहसा मिळत नाहीच. असलं तरी 2000 रुपयांच्या वर रोख दिलेलं चालत नाही.

वैशाखात नोंदणी झाली. कागदावर ‘लक्ष्मी उर्फ लक्ष्मव्वा उर्फ लक्ष्मीबाई’. भांडी घासून घासून आईच्या अंगठ्याच्या रेषा गेल्यात, मशीन घेईना. एकेक बोट पुसून ठेवत गेली, शेवटी डाव्या हाताचं मधलं बोट लागलं. एका विश्वस्तानं विचारलं, मंडपाच्या खांबावर नावाची फरशी बसवू का? “नको बाबा,” ती म्हणाली, “परत कोनतरी चुकीचं लिवल.”

आता उताऱ्यावर ट्रस्टचं नाव चढायचंय. अर्ज दिलाय, कन्नडमध्ये. साहेबांची बदली झाली, नवे अजून हजर व्हायचेत.