आमची वाटचाल : सामान हलवण्यापासून गॅरेज आवरण्यापर्यंत

आमचा मूळ धंदा सामान हलवण्याचा. एक टेम्पो, चार हात, दोरखंड आणि गोणपाटं. घर बदलणाऱ्यांचं सामान पोचवायचं आणि निघायचं. पण दर खेपेला एक गोष्ट दिसायची. जे खोकं कुठे ठेवायचं ते सुचत नाही, त्याला ‘सध्या गॅरेजमध्ये टाका’. काही वर्षांनी त्याच घरून पुन्हा बोलावणं आलं, की आम्हीच मारलेली चिकटपट्टी जशीच्या तशी. गाडी मात्र बाहेर उन्हात.

‘आणून टाकलंत तसं आवरूनही द्या की,’ असं एका जुन्या गिऱ्हाईकाने म्हटलं आणि हे काम सुरू झालं. लोकांना वाटायचं, आम्ही रॅक बसवणारे. रॅक लागतंच, पण शेवटी. आधी बसवलं तर अडगळ जमिनीवरून उठून छताला टेकते, एवढंच.

आम्ही सगळं बाहेर काढतो आणि ढीग वस्तूंप्रमाणे नाही, माणसांप्रमाणे लावतो. बाबांचा, मुलीचा, धाकट्या काकांचा. ‘हे ठेवायचं का?’ यावर अख्खी दुपार जाते, ‘हे कुणाचं?’ याला लगेच उत्तर मिळतं. उरतो तो बेवारशी ढीग, आणि बहुतेक गॅरेजं त्यानेच भरलेली असतात. कशाचा ते कुणालाच न आठवणारा चार्जर, जाळी नसलेला पंखा, आधीच्या घरातले पडद्यांचे दांडे. ठेवायचं की काढायचं, ते आम्ही कधीच ठरवत नाही. घरच्यांचे आवाज चढले की आम्ही झाडू घेऊन आत जातो.

काही बाबतींत मात्र आम्ही हट्टी आहोत. पुठ्ठ्याची खोकी थेट जमिनीवर नकोत. काँक्रीटमधून ओल वर येते, पुठ्ठा ती शोषतो आणि कसर-झुरळांची सोय होते. जुने फोटो तर घरातच हवेत. अर्धवट भरलेला पेट्रोलचा कॅन दिसला की तो सगळ्यात आधी बाहेर. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचते आणि तिला एक ठिणगी पुरते. ‘अहो, अगदी नवे आहेत’ म्हणून जपलेले टायर निघाले, तर त्यांच्या कडेवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचून दाखवतो. १४१२ म्हणजे २०१२ सालचा चौदावा आठवडा. मग सहसा वाद होत नाही.

नंतर मापं. गाडी आत घ्यायची, चारही दारं उघडायची आणि जमिनीवर खडूने रेघ ओढायची. रेघेपलीकडे उरेल तेवढीच जागा सामानाची. रॅक भिंतीला बोल्टने पक्कं, जड माल तळाला, नेहमी लागणारं कमरेपासून डोळ्यांच्या उंचीपर्यंत.

टेम्पो अजून आहे, पण सामान हलवायची कामं आता मोजकीच घेतो. हाताशी सुतार आहे आणि वायरमनही. वायरमन आल्यापासून कामाला खरी कळा आली, कारण एकाच मिणमिणत्या दिव्याखाली कुणी वस्तू जागेवर ठेवत नाही, दारातूनच आत ढकलतो.

काम संपल्यावर काही महिन्यांनी आम्ही एक फेरी मारतो. रेघेच्या आत पहिलं शिरलेलं असतं ते बहुधा नव्या वस्तूचं रिकामं खोकं, ‘परत करावी लागली तर’ म्हणून ठेवलेलं. विचारून घेऊन जातो.